पोळी बंद करण्याआधी रक्त द्या

प्रश्न नाशिकहून आला आहे. वय ३४. धाकट्याच्या बाळंतपणानंतर आठ-नऊ महिन्यांनी केस गळायला लागले, अंग जड झालं, पोट साफ होईना. तपासलं तर टीएसएच (थायरॉइड मंदावला की वाढणारं हॉर्मोन) ११.४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) ६४०. हाशिमोटो, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर केलेला हल्ला, असं निदान झालं. थायरॉक्सिनची गोळी ५० मायक्रोग्रॅमने सुरू झाली आणि तीन आठवड्यांपूर्वी ७५ केली. त्याच सुमाराला बंगळूरच्या जाऊबाईंचा फोन आला: गहू सोड, प्रतिपिंडं उतरतात, माझी तर गोळीच सुटली. तेव्हापासून पोळी, पाव, बिस्किटं सगळं बंद आहे. पोट हलकं वाटतंय, पण घरात दोन-दोन स्वयंपाक चाललेत आणि सासूबाईंचा पारा चढलाय. 'डॉक्टर, ग्लुटेनचा आणि थायरॉइडचा खरंच संबंध आहे, की मी उगाच घरादाराला वेठीला धरलंय?'

संबंध आहे. तो तुमच्या बाबतीत आहे का, हे मात्र आत्ता मला सांगता येत नाही, आणि जाऊबाईंनाही येत नाही. जी एक रक्ततपासणी गहू पोटात जात असतानाच करायची असते, ती न करता तुम्ही गहू सोडलात. बावीस वर्षांच्या ओपीडीत ही उलटी वाट मी इतक्यांदा पाहिली आहे, की अँटी-टीपीओचा रिपोर्ट घेऊन कोणी आत आलं की बसायच्या आधीच विचारते, 'पोळी खाताय ना अजून?'

ग्लुटेन म्हणजे काय ते बघायला स्वयंपाकघराबाहेर जावं लागत नाही. घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि नळाच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. शेवटी हातात जे पिवळट, चिवट, रबरासारखं ताणलं जाणारं उरतं ते ग्लुटेन. पोळीला पदर सुटतात आणि पुरण भरून लाटली तरी ती फाटत नाही, ते याच्या जोरावर. ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा नाही, म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताने रगडावं लागतं आणि तरी कडा चिरतातच. ग्लुटेन गव्हात असतं, आणि त्याची सख्खी भावंडं जव आणि राय या धान्यांत. (जव म्हणजे बार्ली. जवस नव्हे. चटणीतल्या जवसाला घाबरून तो फेकून दिलेल्या दोघीजणी मला ठाऊक आहेत.) तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा आणि डाळी यांत ते नाही.

या प्रथिनाचे काही तुकडे माणसाच्या पाचकरसांना पुरते फोडता येत नाहीत. कोणाच्याच नाही. माझ्याही आतड्यात ते तसेच पडतात आणि पुढे निघून जातात. पण एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हा जनुकांचा वारसा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यातल्या थोड्यांच्या बाबतीत वेगळं घडतं. आतड्याच्या भिंतीतलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) या तुकड्यांत किंचित फेरफार करतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते तुकडे शत्रू वाटतात, आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर झिजतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड आणि तुमची थायरॉइडची गोळीसुद्धा तिच्यातूनच रक्तात शिरते. ती लव सपाट होत जाते. हा सिलिॲक आजार. या भांडणात शरीर त्या विकराविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं, आणि टीटीजी नावाची तपासणी मोजते ती हीच. गहू बंद केला की ती हळूहळू ओसरतात, आणि मग आजार असूनही रिपोर्ट कोरा येतो.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो पुराव्यानिशी मांडला.

आता तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीकडे. हकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉइडमध्ये पांढऱ्या पेशींनी केलेल्या गर्दीचं वर्णन केलं. ही गर्दी आपल्याच ग्रंथीवर चालून आलेली असते, हे कळायला १९५६ साल उजाडलं. म्हणजे हाशिमोटो आणि सिलिॲक हे एकाच जातीचे आजार आहेत: प्रतिकारशक्ती घरच्यांवरच उठते, यालाच ऑटोइम्यून म्हणतात. दोन्हींमागचे काही जनुकही सामाईक आहेत. मुलांमधला टाइप-१ मधुमेह हा याच कुळातला तिसरा भाऊ. एकाच्या घरी दुसरा सापडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. संबंध आहे म्हणते ती एवढ्या अर्थाने. गव्हामुळे हाशिमोटो होतो, असं त्यातून निघत नाही.

'शक्यता वाढते' म्हणजे किती? तोवरचे अभ्यास एकत्र करून २०१६ साली आकडेमोड झाली, तेव्हा ऑटोइम्यून थायरॉइडच्या रुग्णांमध्ये बायोप्सीने, म्हणजे आतड्याचा तुकडा तपासून, सिद्ध झालेला सिलिॲक सुमारे १.६ टक्के निघाला. लहान मुलांत तो सहा टक्क्यांच्या आसपास होता. मोठ्या माणसांत धरा की शंभरात दोघं. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना गव्हाशी काही देणंघेणं नाही. पण त्या दोघांचे हाल काय होतात, ते एकदा जवळून पाहिलं की तपासणीचा आळस करवत नाही.

जळगावकडच्या एक शिक्षिका होत्या. वजन ४६ किलो. ग्रंथी पूर्ण थंडावली असली तरी थायरॉक्सिन किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे त्यांना ७५ पुरायला हवी होती. त्या २०० घेत होत्या आणि टीएसएच ३८. आधीच्या प्रत्येक कागदावर एकच शेरा होता, 'गोळ्या नियमित घेत नाहीत'. त्यांच्या यजमानांनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. तारीखवार, सकाळी साडेपाच, गोळी दिली, खाली सही. दीड वर्षाच्या सह्या! बाईंचा आवाज बसलेला, डोळ्यांखाली सूज. हिमोग्लोबिन ७.९. लोहाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले होते, नंतर शिरेतून इंजेक्शनं, तरी चार महिन्यांत पुन्हा तिथेच. जुलाब कधीच नव्हते, आणि म्हणून आतड्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. रोज पोळी, रविवारी वरण-बट्टी, आणि अशक्तपणा वाटतो म्हणून सकाळी दुधात गव्हाचं सत्त्व.

टीटीजी मर्यादेच्या दहा पटींहून वर गेलं होतं. एन्डोस्कोपीतून घेतलेल्या तुकड्यांत लव जवळजवळ नाहीशी. गहू थांबला, आणि चौथ्या महिन्यात त्या रात्री-अपरात्री धडधडतंय म्हणून धावत आल्या. टीएसएच ०.०४. आतडं सुधारलं, इतके दिवस वाया जाणारी गोळी आता अंगी लागायला लागली, आणि डोस तोच २०० राहिला. चूक माझी. मी पुढची टीएसएच दोन महिन्यांनी न लिहिता चार महिन्यांनी लिहिली होती. वर्षअखेर त्या ७५ वर स्थिरावल्या, हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. थायरॉइड बरा झाला का? नाही. गोळी सुटली नाही. ती पोटातून रक्तात पोचायला लागली, इतकंच.

म्हणून थायरॉइडच्या माणसाचा डोस वजनाच्या मानाने फार चढला, लोह देऊनही रक्त वाढेना, कारण नसताना वजन उतरू लागलं, तोंड वारंवार येतंय, हाडं वयाच्या मानाने ठिसूळ निघाली, गर्भपात पुन्हा पुन्हा होतायत किंवा सख्ख्या नात्यात कोणाला सिलिॲक किंवा टाइप-१ मधुमेह आहे, तर टीटीजी केलंच पाहिजे असं माझं मत आहे. जुलाब आणि पोटफुगीची वाट बघू नये. मोठ्या माणसांत सिलिॲक बऱ्याचदा पोटाच्या दाराने येतच नाही.

अर्थात डोस वाढत जाण्याची कारणं बहुतेक घरांत याहून साधी असतात, आणि ती आधी तपासावीत. गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत चहा. ही सगळ्यांत मोठी. त्यानंतर बाळंतिणीला दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, त्याच मुठीत, एकाच घोटात. थायरॉक्सिन अनशापोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तम. लोह आणि कॅल्शियमला चार तासांचं अंतर. आणि बाटली कुठे ठेवता? विसरू नये म्हणून एक आजी ती देवघरात, समईच्या शेजारी ठेवत. दिव्याची ऊब लागून लागून गोळ्यांचा जोर गेला होता. कपाटात हलवल्यावर आजींची टीएसएच उतरली. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आणि हाशिमोटोबरोबर जठराचाही ऑटोइम्यून आजार असलेले यांनाही डोस जास्त लागतो. बी-१२ फार खाली असेल तर मी आधी तिकडे वळते.

आता उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं. सिलिॲक नाही, फक्त हाशिमोटो आहे, आणि गहू सोडला तर? पोलंडमध्ये २०१९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४ स्त्रिया, सहा महिने. ज्यांनी ग्लुटेन सोडलं त्यांची प्रतिपिंडं काही प्रमाणात उतरली. टीएसएच आणि हॉर्मोन्स होते तिथेच राहिले. कोण गहू सोडणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. समाजमाध्यमांवर 'ग्लुटेन सोडा, हाशिमोटो घालवा' म्हणून जे फिरतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असे एक-दोन अभ्यास असतात.

आणि प्रतिपिंडं उतरली तरी पुढे काय? ६४० ची ४१० झाली म्हणून ग्रंथीची झीज तेवढ्या हिशेबाने थांबत नाही. अँटी-टीपीओ हा निदानाचा पुरावा आहे. एकदा मिळाला की त्याचं काम संपलं. तो दर तीन महिन्यांनी मोजण्यात पैसे जातात आणि झोप जाते. एका लॅबचा ६४० दुसऱ्या लॅबच्या यंत्रावर ३९० येऊ शकतो, मग कोणी जवसाला श्रेय देतं, कोणी गहू सोडल्याला. मी औषध ठरवते ते टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं हॉर्मोन) यांच्यावर. इंग्लंडमधल्या व्हिकम गावात हजारो लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. टीएसएच वाढलेली आणि प्रतिपिंडंही असलेल्या स्त्रियांत वर्षाला साधारण चार टक्क्यांची ग्रंथी पुरती मंदावत गेली. म्हणजे शेकडा शहाण्णव त्या वर्षी होत्या तिथेच राहिल्या, काहीही न सोडता. त्या वर्षी ज्यांनी काही सोडलं असेल त्यांना ते सोडल्याचाच गुण आला असं वाटलं असणार.

'ग्लुटेन दिसायला थायरॉइडसारखं असतं, म्हणून शरीर गोंधळतं' हेही तुम्ही ऐकलं असेल. ऐकायला फार पटतं. पण हाशिमोटोच्या माणसात खाल्लेली पोळी थायरॉइडवरचा हल्ला पेटवते, हे दाखवणारा पुरावा नाही.

मग जाऊबाईंची गोळी सुटली ती कशी? त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. पण अशा गोष्टीचा एक अगदी नेहमीचा खुलासा आहे, आणि तो तुम्हालाही लागू पडू शकतो म्हणून जरा थांबून सांगते. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते. आधी हॉर्मोन जास्त सांडतं, मग साठा संपतो आणि टीएसएच वर जाते. अँटी-टीपीओ यांच्यातही बहुधा सापडतं. प्रसूतीनंतरचा थायरॉइडायटिस म्हणतात याला, आणि बऱ्याच जणींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात आपणहून मार्गी लागते. त्या काळात जे काही सोडलं असेल, गहू, दूध नाहीतर साखर, श्रेय त्याला जातं. तुमचंही निदान बाळंतपणानंतर नवव्या महिन्याच्या आसपास झालंय. हाशिमोटो असा शिक्का आत्ताच पक्का समजू नका. सहा महिने ते वर्षाने, पुढचं मूल लगेच नको असेल तर, डोस हळूहळू कमी करून बघता येईल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. ज्यांची ग्रंथी सावरते त्यांनाही पुढे काही वर्षांनी त्रास उलटू शकतो, तेव्हा वर्षातून एकदा टीएसएच चालू ठेवायची.

पोट हलकं वाटतंय ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: पोळी गेली आणि गोळी ५० ची ७५ झाली. थायरॉइड मंद असला की आतडंही मंदावतं. बद्धकोष्ठ सुटायला ते वाढलेले २५ मायक्रोग्रॅमही कारण असू शकतात. शिवाय पोळीबरोबर तुमचा संध्याकाळचा वडापाव आणि चहाबरोबरची बिस्किटंही गेली. आणखी एक. गव्हात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती पोटात आंबते आणि वात धरते. नॉर्वेमध्ये ५९ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात, स्वतःला ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्यांना कळू न देता आळीपाळीने ग्लुटेन, फ्रुक्टान आणि नुसतंच काही नसलेलं देऊन पाहिलं. पोट जास्त बिघडलं ते फ्रुक्टानने. कांदा-लसणातही तेच असतं. पोळी बंद, पण पिठल्यात कांदा-लसूण भरपूर, आणि मग 'भाकरीनेही गॅस होतो' अशी तक्रार! तेव्हा गव्हाने पोट जड होणं वेगळं, आणि सिलिॲक वेगळा. पहिल्यात दोन पोळ्यांची एक केली तरी चालतं. दुसऱ्यात कणभरही चालत नाही.

आपल्याकडे हे किती? उत्तर भारतात सिलिॲक साधारण शंभरात एकाला आहे. तेवीस हजारांवर लोकांच्या तपासणीतून २०१६ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येला ०.८७, दक्षिणेत फक्त ०.१०. वारसा सगळीकडे थोड्याफार फरकाने आहे, गव्हाचं ताट मात्र सारखं नाही. पश्चिम भारत त्यात नव्हता. माझ्या अनुभवात कोकणातल्या भातखाऊ घरांत सिलिॲक क्वचित, पण दोन पिढ्यांपूर्वी भाकरी खाणारी घरं आता तिन्ही त्रिकाळ पोळी, पाव, मैदा खातात. माझ्या आजोळी पोळी सणाची होती. माझी नात डब्यात रोज तीच नेते.

तपासणीची नावं कागदावर लिहून घ्या: टीटीजी-आयजीए आणि त्याबरोबर टोटल आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार). दुसरी यासाठी, की सिलिॲकच्या शंभरातल्या दोघा-तिघांना मुळात आयजीएच कमी असतं, मग पहिली तपासणी खोटीच 'नॉर्मल' येते. टीटीजी वाढलेलं निघालं तर मोठ्या माणसांत एन्डोस्कोपी आणि बायोप्सी करून खात्री करावी. थोडंसं वाढलेलं टीटीजी इतर कारणांनीही येतं, आणि आयुष्यभराचं पथ्य एका आकड्यावर बेतू नये. रक्ताच्या एका थेंबात दोनशे पदार्थांची 'इनटॉलरन्स' सांगणारी आयजीजी पॅकेजेस मिळतात, ती घेऊ नका. त्या यादीत माणूस जे रोज खातो तेच बहुतेक सापडतं. एकीच्या यादीत गहू, दूध, अंडं, केळं आणि हळद आली होती. सहा महिन्यांत तिचं वजन नऊ किलोंनी उतरलं आणि थायरॉइड होता तिथेच राहिला.

आणि सिलिॲक निघालाच तर? तर अर्धवट पथ्याला अर्थ नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनसुद्धा आतड्याला महिनोन्महिने जखमी ठेवू शकतं. मध्यम पोळीत तीस ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन. म्हणजे पोळीचा साठावा तुकडा. बशीतून बोटाने टिपून घ्यावा एवढा. म्हणून खरी लढाई ताटात नसते, गिरणीत असते. आपल्याकडे गिरणीवाला विचारतोच, 'कशावर टाकू?' ज्वारीवर ज्वारी टाका असं सांगितलं तरी जात्यात आणि नळीत आधीच्या गव्हाचं पीठ असतंच. घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. नाहीतर धुतलेले तांदूळ आणि ज्वारी घरच्या मिक्सरवर. वेगळा पोळपाट, वेगळी परात, वेगळा तवा. लाकडाच्या पोळपाटातली कणीक घासून निघत नाही.

न दिसणारा गहू तर जागोजागी. डबीतला पिवळा हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मुरवलेला असतो. पाकीट वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो. सातूचं पीठ, मुलांची माल्टची पेयं, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस. आणि मेतकूट! पोट बिघडलं म्हणून आजारी माणसाला मायेने मऊभात-मेतकूट द्यावं, आणि त्याच मेतकुटात डाळींबरोबर भाजलेले मूठभर गहू असावेत. जळगावच्या बाईंचं टीटीजी सहाव्या महिन्यात उतरता उतरता अडलं होतं ते याच्यापायी. दिवाळीत चकलीची भाजणी तांदळाची असली तरी कढईतलं तेल शंकरपाळ्यांचं असतं. आधी चकल्या तळा, मग बाकीचं. ओट्सवर गहू सांडलेला नाही अशी पाकिटावर हमी असेल तरच घ्या, आणि तेही पहिलं वर्ष गेल्यावर. 'ग्लुटेनमुक्त' छापलेल्या वस्तूत किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये असा आपल्याकडचा नियम आहे. पण ती बिस्किटं म्हणजे बहुधा तांदूळ, टॅपिओका आणि साखर. महागही. उपासाचं फडताळ उघडा, ते जवळजवळ सगळं चालतं.

अशा घरात आई-वडील, भावंडं, मुलं यांचंही टीटीजी करून घ्यायचं. दहांतल्या साधारण एकात सापडतो. टीएसएच दर सहा ते आठ आठवड्यांनी, डोस स्थिरावेपर्यंत, कारण माझी वरची चूक पुन्हा व्हायला नको.

सिलिॲक नसेल तर हवं ते खा. भाकरी आवडली असेल तर खुशाल खा. बाजरीने थायरॉइड वाढतो अशी भीतीही घालतात. रोजचं मीठ आयोडीनयुक्त असेल आणि ताटात फक्त बाजरीच नसेल, तर ती चिंता करू नका. निवड म्हणून खाल्लेल्या भाकरीशी माझं भांडण नाही. निदान झाकून टाकणाऱ्या भाकरीशी आहे.

तुमच्यापुरतं असं करा. उद्यापासून रोज दोन पोळ्या, सलग सहा ते आठ आठवडे. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. पोट थोडं कुरकुरेल, चालेल. गहू खाऊन खरंच असह्य झालं तर एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ची तपासणी करता येते, तिला पोळी लागत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तो वारसा निरोगी माणसांतही तीसेक टक्क्यांना असतो. ७५ ची गोळी लागू पडली का, हे बघायचीही वेळ तेव्हाच येते, म्हणजे एकाच सुईत काम होईल: टीएसएच, फ्री टी-४, टीटीजी-आयजीए, टोटल आयजीए, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२. रक्त सकाळी द्या, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येतात. आणि रिपोर्ट कळवताना टीटीजीच्या आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादाही लिहा, नुसत्या आकड्यावरून मला काही कळणार नाही.